पाठीवरची धूळ

अहो,

तुमचा युनिफॉर्म अजून दारामागच्या खिळ्यालाच आहे. ज्या दिवशी तुम्हाला दवाखान्यात नेलं, त्या दिवशीही तुम्ही फर्स्ट शिफ्ट पुरी करून आला होतात. कपडे बदललेत, शर्ट-पॅन्ट खिळ्याला अडकवलीत आणि पोट धरून खाटेवर बसलात. "काय होतंय?" विचारलं तर म्हणालात, "काय नाय, जरा आवळल्यासारखं व्हतंय." तुमचं 'काय नाय' मला लग्नापासून पाठ आहे, म्हणून मी लगेच रिक्षा बोलावली. तरी उशीर झालाच होता.

प्रज्ञा पुण्याला परत जाताना म्हणाली, "आई, पप्पांचा युनिफॉर्म धुऊन तरी ठेव." लेकीचं म्हणणं बरोबर आहे. पण धुवायला घेतला की बादली काळी होणार. तुमच्या कंपनीत बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे पार्ट घासतात, त्याची करडी भुकटी तुमच्या कपड्यांत, केसांत, कानांत भरलेली असायची. त्या काळ्या बादलीवरून मी तुमच्यामागे इतकी वर्षं कटकट केली. आता ती बादली मोरीत ओतायला हात धजत नाही.

भेटायला येणारे विचारतात, काय झालं होतं? मी सांगते, आतड्याला पीळ पडला. ते मान हलवतात, चुकचुकतात, चहा पितात. सांगते ते खरंच आहे. पण सुरुवात तिथून नव्हती हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. सुरुवात दहा-अकरा वर्षांपूर्वीची. तेव्हा बसच्या पाट्यांवर औरंगाबाद होतं, आता संभाजीनगर झालं. आपलं भांडण मात्र तेच राहिलं, आणि तुम्ही ते मध्येच टाकून गेलात. मला ते सोडवत नाही. म्हणून आज हे लिहून बोलतेय. तुम्ही हूं म्हटलं नाही तरी चालेल, जिवंत असताना तरी कुठे म्हणत होतात.

लग्न होऊन मी हर्सूलला आले तेव्हा मला एक नवल वाटायचं. शेजारच्या बायका म्हणायच्या, कंपनीतला माणूस घरी येतो तो कोळशाच्या खाणीतून आल्यासारखा. आणि तुम्ही तर वाळूजहून कंपनीच्या बसने यायचात ते स्वच्छ, भांग पाडून. मी विचारलं तेव्हा तुम्ही लई ऐटीत सांगितलंत. शिफ्ट सुटायच्या आधी तुम्ही लाइनवरचे चौघं हवेच्या पाइपपाशी जमायचात. मशीन साफ करायला जी दाबाची हवा असते, तीच अंगावर मारायची, की सगळी भुकटी उडून जाते. छाती, हात, पाय ज्याचं त्यानं करायचं. पाठ मात्र दुसऱ्याने करायची, कारण आपली पाठ आपल्याला दिसत नाही आणि तिथे हातही पुरत नाही. दत्ता तुमची पाठ करायचा, तुम्ही रफीकची, रफीक कैलासची, असं काहीतरी. कधी उलटं. मला ते ऐकून छान वाटलं होतं. मी म्हटलं, "म्हणजे एकमेकांना न्हाऊ घालता की!" तुम्ही लाजलात.

पण पाठीवर हवा मारता मारता पाइप खाली बसायच्या जागेशी नेऊन एखाद्याला दचकवायचं, तो टुणकन उडाला की बाकीच्यांनी हसायचं, ही खोडी तुम्ही मला सांगितली नव्हती. दिवसभर यंत्राच्या आवाजात मुकं राहायचं आणि सुटायच्या वेळी तेवढं हसून घ्यायचं. कुणाच्याच मनात वाईट नव्हतं, हे मी आज मान्य करते. तेव्हा करत नव्हते.

त्या दिवशी मी अंगणवाडीत होते. पोरांना खिचडी वाढत होते. रफीकचा फोन आला, "भाभी, जल्दी आओ, मिलिंदभाई के पेट में कुछ हो गया." मी सरकारी दवाखान्यात पोहोचले तेव्हा तुमचं पोट नगाऱ्यासारखं ताठ झालं होतं आणि तुम्ही श्वास घ्यायलाही घाबरत होतात. तिघंही भिंतीला पाठ लावून उभे होते. तिघांच्याही अंगावर भुकटी तशीच. त्या दिवशी कुणाची पाठ झाली नव्हती.

त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन नीट समजावलं. म्हणाल्या, "कपड्यावरूनसुद्धा ही हवा संडासच्या जागेतून आत शिरते. एका क्षणात. मोठं आतडं इतका दाब सोसत नाही, ते फाटलंय. आतली घाण पोटात पसरलीय. आत्ताच पोट उघडावं लागेल." मला वाटलं, ह्या काहीतरी चुकीचं ऐकून आल्यात. हवेने कुणी फाटतं का? हवा तर आपण पोरांच्या फुग्यात भरतो. मी सही केली. माझंच नाव मला वाचता आलं नाही.

तुम्ही वाचलात. आतड्याचा फाटलेला तुकडा काढला आणि वरचं तोंड पोटावर आणून तिथे पिशवी लावली. पुढचे काही महिने तुमचं सगळं त्या पिशवीत येणार होतं. शुद्धीवर आल्यावर तुम्ही ती पाहिलीत, मग माझ्याकडे पाहिलंत आणि तोंड फिरवलंत. मला वाटलं आता हा माणूस खचणार. पण दुसऱ्या दिवशी तुम्हीच सिस्टरला म्हणालात, "बाकीच्याला संडासला जावं लागतं, माझ्याकडं संडासच आलाय." ती पोरगी हसू दाबत बाहेर पळाली.

मग ते रोजचं सुरू झालं. सकाळी डॉक्टर राउंडला यायचे आणि पहिला प्रश्न विचारायचे, "गॅस पास झाला का?" पोट उघडलं की आतडी रुसून बसतात, ती पुन्हा चालू झाली की नाही हे त्यावरून कळतं, तोवर पाण्याचा घोटही नाही. सगळ्या वॉर्डाला तुमच्या गॅसची काळजी. समोरच्या खाटेजवळ बसणारी म्हातारी मला रोज विचारायची, "झालं का गं तुज्या मालकाचं?" आणि एका दुपारी ती पिशवी फुगली. तुम्ही डोळे मोठे करून मला खुणावलंत. मी सिस्टरला हाक मारायच्या आधी रफीकने व्हरांड्यातून बघितलं आणि ओरडला, "भाभी, मुबारक हो! अपना भाई पास हो गया!" त्याने खाली जाऊन बिस्किटांचे पुडे आणले आणि सगळ्या वॉर्डात वाटले. पोरगा झाल्यासारखे वाटले हो. म्हातारीने बिस्किट कपाळाला लावून खाल्लं. तुम्हाला अजून खायची परवानगी नव्हती, तुम्ही नुसते बघत हसत होतात आणि हसताना टाके दुखतात म्हणून पोटावर उशी दाबत होतात.

मी तेव्हा इतकी खूश होते की पुढचं मला सुचलंच नाही. ते सुचलं जमादार जबाब घ्यायला आला तेव्हा.

कंपनीत अपघात, म्हणजे पोलिसात नोंद आलीच. जमादाराने विचारलं, "पाइप कुणाच्या हातात होता?" तुमच्या नाकात नळी होती. इतक्या दिवसांत तिने घसा सोलला होता, आवाज फुटत नव्हता. माझ्याकडे पाणी मागायचं तर तुम्ही बोटाने खुणा करत होतात. आणि त्या जमादाराला मात्र तुम्ही नळीसकट, खणखणीत नाही पण पुरेसं ऐकू जाईल असं सांगितलंत, "माझ्याच. अंग साफ करत व्हतो. पाय घसरला." सगळी ताकद तुम्ही त्या एका खोट्यासाठी राखून ठेवली होतीत.

मी तिथेच उभी होते. जमादार गेल्यावर मी म्हणाले, "स्वतःची पाठ स्वतःला करता येत नाही, हे तुम्हीच मला सांगितलंय. मग पाइप तुमच्या हातात कसा?" तुम्ही डोळे मिटलेत. झोपल्याचं सोंग तुम्हाला कधी जमलं नाही, पापण्या हलतात.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. मी काय म्हणत होते? सुळावर द्या असं नव्हते म्हणत. मला फक्त नाव हवं होतं. माझ्या अंगणवाडीत एक पोर दुसऱ्याला चावलं तरी मी नाव काढल्याशिवाय खिचडी वाढत नाही. ज्याने चावलं त्याने समोर यायचं, कान धरायचे, ज्याला चावलं त्याच्या गालावरून हात फिरवायचा, मग दोघं एका ताटाशी बसणार. इतकं साधं. तुम्ही म्हणायचात, "मी काय तुज्या अंगणवाडीतलं पोर हाय व्हय?" मी म्हणायचे, "पोरापेक्षा वाईट. पोर निदान रडून सांगतं."

अन्याय मुकाट सोसायचा नाही, हे आपल्या घरात भिंतीवरच्या फोटोपासून लेकीच्या नावापर्यंत सगळीकडे लिहिलेलं आहे. दर रविवारी विहारात आपण तेच ऐकून येतो. मी तेही काढलं.  तुम्ही म्हणालात, "अन्याय येगळा आन् खोडी येगळी. अन्याय करणारा भीत नाय. तो माझ्यापेक्षा जास्त भ्याला व्हता."

"तो?" मी म्हटलं. "तो म्हणजे कोण?"

तुम्ही जीभ चावलीत आणि ताक मागितलंत.

तुमच्या पोटात गोष्ट राहते असं सासूबाई कौतुकाने म्हणायच्या. खरंच आहे. आतडं फाटलं, पण नाव बाहेर आलं नाही.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं म्हणून आपण रोज सकाळी हर्सूल तलावाकडे जायचो. तुम्ही माझ्या भावाचा ढगळ सदरा घालायचात, पिशवी दिसू नये म्हणून. वाटेत ओळखीचं कुणी भेटलं की तुमचा हात आपोआप डाव्या कुशीवर जायचा. लोक हसायचे हो, ते मी विसरलेले नाही. तोंडावर नाही हसायचे. तुमचे चुलतभाऊ वॉर्डाच्या बाहेर म्हणाले होते, "हवा भरली म्हंजे काय, माणूस हाय का सायकलची टूप?" मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुन्हा आले नाहीत. दुसऱ्या कुणाचा हात तुटला, पाय मोडला, तर लोक हळहळतात. ह्या दुखण्याला ते सुख नाही. कुठे लागलं हे सांगितलं की समोरच्याच्या ओठाचा कोपरा हलतो. मग आपण 'पोटाला मार लागला' एवढंच सांगायला लागलो. आणि तुम्ही तेही हसण्यावारी न्यायचात. तलावाच्या बांधावर बसून म्हणालात, "संगीता, आता पाण्यात पडलो तरी बुडणार नाय. हवा भरलेला माणूस हाय मी." मी रागाने तोंड फिरवलं आणि मग मलाच हसू फुटलं. तुमच्याशी नीट भांडता येत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

तुम्ही सांगत नाही म्हटल्यावर मी माझ्या पद्धतीने शोध लावायचं ठरवलं. तिघंही घरी यायचे. दत्ता पैठणकडचा, गावाहून आला की पपई आणायचा, पिकलेली, मऊ, तुम्हाला चालेल अशी. मी म्हणायचे, एवढी पपई कुणी उगाच आणतं का? हाच तो. रफीक आला की लई बोलायचा, लई हसायचा, पण जाताना दारात एकदम गप्प व्हायचा. मग वाटायचं, हाच. कैलासने ऑपरेशनच्या वेळी रक्त दिलं होतं आणि नंतर मात्र क्वचित यायचा, आला तरी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायचा. हाच असणार! तिघांनाही मी सारखाच चहा दिला आणि तिघांवरही सारखाच संशय घेतला. एकाला कमी साखर, एकाला आलं जास्त, एकाला बशीत. त्यांच्या आवडी मला पाठ झाल्या, पण नाव काही हाती लागलं नाही.

पिशवी गेली, आतडं पुन्हा जोडलं, तुम्ही कामावर रुजू झालात. कंपनीने तोवर 'हवेने अंग साफ करू नये' अशी पाटी लावली होती. तुम्ही म्हणालात, पाटी लावली तरी नवी पोरं लपूनछपून मारतातच. तुम्ही मात्र पुन्हा कधी पाइपखाली उभे राहिला नाहीत. तसेच यायचात, भुकटीने माखलेले. मी तुम्हाला उंबऱ्याबाहेर थांबवायचे. "फिरा." तुम्ही पाठ करायचात आणि मी हाताने दणादणा झटकायचे. भुकटी माझ्या नाकातोंडात जायची. समोरची वत्सलामावशी म्हणायची, "आज काय केलं यानं, कामून मारायली?" तुम्ही तिला सांगायचात, "रोजचा पगार हाय मावशी."

तेव्हा मला एक युक्ती सुचली होती, ती तुम्हाला कधी सांगितली नाही. मी म्हटलं, ज्याच्या हातून हे झालं तोही पाइपला घाबरला असणार. तोही आता तसाच धुळीचा घरी येत असणार. बाकीचे दोघं स्वच्छ. म्हणजे बायकांना विचारलं की सापडला! मी भाजीबाजारात कैलासच्या बायकोला गाठलं, सहज विचारल्यासारखं विचारलं. ती म्हणाली, "काय सांगू ताई, लई मळके येतात. हातच दुखतात धुऊन धुऊन." मला वाटलं, झालं, मिळाला. मग ईदला रफीककडे गेलो तेव्हा त्याच्या बेगमनेही तेच गाऱ्हाणं गायलं. आणि तिथेच आलेली दत्ताची बायको तर म्हणाली, "तुमच्या ह्यांचं तसं झाल्यापासून त्यांनी पाइपला हातच लावला नाय."

तिघंही. तिघंही धुळीचे घरी येत होते. मी त्या दिवशी शीरखुर्म्याची वाटी हातात धरून तशीच बसले. तुम्ही म्हणालात, "खा की, काय झालं?" मी म्हणाले, काय नाय.

मग वर्षं गेली. मधूनमधून तुमचं पोट दुखायचं, फुगायचं, तुम्ही एक वेळ जेवण सोडायचात, बरं वाटायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की एकदा उघडलेल्या पोटात आतडी एकमेकांना चिकटतात, कधीतरी अडकू शकतात, दुखलं की ताबडतोब यायचं. पण तुमचं ताबडतोब म्हणजे शिफ्ट संपल्यावर. ह्या वेळी तुम्ही सकाळपासून दुखणं अंगावर काढलंत. आता मी ओरडून काय उपयोग, पण ओरडणार. ओरडायला दुसरं कोण आहे मला?

पुन्हा ऑपरेशन. पुन्हा नाकात नळी. पुन्हा रोज सकाळी तोच प्रश्न, "गॅस पास झाला का?" डॉक्टर नवे होते, प्रश्न जुना. तुम्ही रोज मान नाही अशी हलवायचात. मी पदराखाली हात जोडून बसायचे, कुणापुढे जोडले ते विचारू नका, आपल्यात तसं नसतं हे मला माहीत आहे. रफीक व्हरांड्यातच असायचा. ह्या वेळी त्याच्या खिशात बिस्किटाचा पुडा मी पाहिला होता. तो त्याने आधीच आणून ठेवला होता.

आणि त्या दुपारी तुम्ही मला जवळ बोलावलंत. आवाज खोल गेला होता. म्हणालात, "संगीता, तुला एक सांगायचं राह्यलं."  इतक्या वर्षांनी नाव सांगतात, म्हणजे हे आता जाणार, असंच मला वाटलं, आणि त्या क्षणी मला ते नाव नको झालं. पण तुम्ही नाव नाहीच सांगितलंत. म्हणालात, "माझं तसं झालं त्याच्या आदल्या हप्त्यात पाइप माझ्या हातात व्हता. म्होरं तो व्हता. मी बी तसंच केलं, तिथंच धरला. तो नुसता उडाला. आमी लई हसलो. त्याचं काय झालं नाय, एवढाच फरक."

एवढं बोलून तुम्ही थकलात. थोड्या वेळाने म्हणालात, "मंग नाव कुणाचं सांगू?"

मी बोलायला तोंड उघडलं आणि सिस्टर सलाइन बदलायला आली. मग तुम्हाला ग्लानी आली, मग रक्तात जंतू पसरले म्हणाले, मग काचेच्या खोलीत नेलं, आणि तिथे मला बोलू दिलं नाही. म्हणजे दिलं, पण तुम्ही ऐकत नव्हतात. दहा-अकरा वर्षांच्या भांडणात मी पहिल्यांदा निरुत्तर झाले आणि ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं. आज सांगते. तुमचं बरोबर होतं, असं अजूनही पूर्ण म्हणणार नाही. पण तुम्ही रोज त्याच्याशेजारी उभं राहून काम करत होतात आणि रोज मनात म्हणत होतात की ह्याच्या जागी मीही असतो, हे मला कळायला हवं होतं असं वाटतं. तुम्ही सांगितलं असतंत तर कळलं असतं. सांगायचंत ना हो! एवढ्या चकरा मारल्या तलावाला, एवढ्या वेळा बांधावर बसलो.

पुण्यानुमोदनाला तिघंही आले होते. पांढरे शर्ट, इस्त्री केलेले. भंतेजींचं झाल्यावर तिघांनी फुलं वाहिली, पंगतीत वाढलं, भांडी उचलली, सतरंज्या घड्या करून ठेवल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं. इतकी वर्षं बघून झालं होतं.

आणि काल त्यांच्यापैकी एक जण एकटा आला.

कोण, ते इथे लिहीत नाही. तुम्हाला माहीतच आहे. तो कोणत्या शब्दांत बोलला तेही लिहीत नाही, बोलीवरून ओळखू येईल. फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर घरी न जाता सरळ आला होता, कारण अंगावर युनिफॉर्म होता आणि युनिफॉर्मवर भुकटी. दारात उभा राहिला. मी आत ये म्हटलं तर आला नाही. दारामागे तुमचे कपडे लटकत होते, त्याची नजर तिथे गेली आणि तिथेच राहिली. मग त्याने बोलायला सुरुवात केली. त्या दिवसाचं. पहिलं वाक्य अर्धं झालं होतं.

मला नाव हवं होतं ना? इतकी वर्षं हवं होतं. ते माझ्या उंबऱ्यावर येऊन उभं होतं आणि स्वतःहून तोंड उघडत होतं. माझ्या अंगणवाडीत असं पोर स्वतःहून पुढे आलं की मी काय करते, सांगू? मी त्याला पुढचं बोलू देत नाही. पुढे आलं, तेवढं पुरे.

मी त्याला म्हणाले, "थांब. अशा कपड्यांनी घरात येऊ नको. पाठ फिरव."

त्याला कळेना. मी हाताने खूण केली. तो हळूहळू वळला. आणि मी त्याची पाठ झटकली. खांद्यापासून कमरेपर्यंत, जशी तुमची झटकायचे तशी. पहिली थाप जरा जोरात बसली, खोटं बोलत नाही. ती माझी होती. बाकीच्या तुमच्या. भुकटी उडाली, माझ्या डोळ्यांत गेली. तो पाठमोरा उभा राहून रडत होता, आवाज न करता, नुसते खांदे हलत होते, आणि मी झटकत होते. समोरून वत्सलामावशीने बघितलं. या वेळी तिने काही विचारलं नाही.

मग तो आत येऊन तुमच्या खाटेशेजारी खाली बसला. मी चहा ठेवला. कसा घेतो ते विचारावं लागलं नाही, मला माहीत आहे.